सूर्याचा पत्रा आणि खांद्यावरची टाचणी

इंकांच्या सोन्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी एका खोलीपासून सुरू होते, तेव्हा ती आधी उरकून घेऊ. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी पेरूच्या डोंगराळ भागातल्या काहामार्का गावात फ्रान्सिस्को पिझारोच्या १६८ माणसांनी सापा इंका, म्हणजे सम्राट, आताहुआल्पा याला हजारोंच्या गराड्यातून पकडले. सुटकेच्या बदल्यात त्याने एक खोली माणसाचा वर केलेला हात पोचेल तिथपर्यंत सोन्याने भरून द्यायचे कबूल केले, आणि चांदीने दोनदा. पुढचे कित्येक महिने साम्राज्याच्या चारही दिशांनी भांडी, मूर्ती, मंदिरांच्या भिंतींवरून उचकटलेले पत्रे येत राहिले. मार्च १५३३ मध्ये भट्ट्या पेटल्या. वितळवण्याच्या कामाला जुंपले तेही तिथलेच सोनार. हिशेब लागला तेव्हा सुमारे ६ टन सोने आणि १२ टनांच्या आसपास चांदी ओतून झाली होती. जुलैमध्ये आताहुआल्पाचा गळा आवळण्यात आला.

जुना दागिना सराफाकडे नेला की तो मोड म्हणून घेतो. नक्षी, घडणावळ, आजीची आठवण यांतले काहीही तराजूत चढत नाही. काहामार्कात एका अख्ख्या संस्कृतीची मोड झाली. काही वस्तू जशाच्या तशा सेव्हिलला पोचल्या, लोकांनी त्या डोळे विस्फारून पाहिल्या, आणि मग राजाच्या हुकमावरून त्याही नाण्यांच्या कामी आल्या.

या लुटीचा एक परिणाम अभ्यासकांवर झाला. जे मोठे आणि डोळ्यांत भरणारे होते ते वितळले. जे लहान, पुरलेले, बुडालेले किंवा कुणाच्या शालीत खोचलेले होते ते वाचले. त्यामुळे इंकांची प्रतीके शोधायची तर आज आपल्या हाती सिंहासन नाही, पेला आहे. सूर्याची तबकडी नाही, बाईच्या खांद्यावरची टाचणी आहे. मला यात तोटा वाटत नाही. राजाच्या खजिन्यातून राजाला लोकांनी काय समजावे असे वाटत होते ते कळते. रोज हाताळायच्या वस्तूंमधून लोकांना खरोखर काय समजत होते ते थोडेफार कळते. हे पुस्तक दुसऱ्या वाटेने जाते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून मध्य चिलीपर्यंत पसरलेल्या तावांतिन्सुयूमध्ये, नाणे नव्हते. कर भरायचा तो श्रमाने. प्रत्येक कुटुंबाने ठरलेले दिवस राज्याच्या शेतावर, रस्त्यावर, विणकामावर राबायचे आणि त्या काळात राज्याने त्यांना खाऊपिऊ घालायचे. सोन्याने धान्य मिळत नव्हते आणि जमीनही मिळत नव्हती. सोने-चांदी सम्राटाच्या अधिकारात असे आणि ती त्याच्याकडून भेट म्हणूनच खाली येई. शिवाय मानाच्या क्रमात सोने पहिले नव्हते. तो मान तलम विणलेल्या ‘कुंपी’ कापडाचा होता. सरदाराला खूश करायचे तर इंका त्याला वस्त्र देई, आणि देवाला संतुष्ट करायचे तर तेच वस्त्र जाळले जाई. स्पॅनिश लोकांना कापडाने छतापर्यंत भरलेली कोठारे सापडली तेव्हा त्यांनी त्यांची नोंद केली खरी, पण त्यांचे हात मात्र धातूकडेच वळले.

मग सोन्याला अर्थ कशाने आला? सोपे उत्तर असे की सोने इंतीचे, म्हणजे सूर्यदेवाचे, आणि चांदी मामा किया या चंद्रदेवीची. सम्राट सूर्याचा पुत्र, त्याची राणी चंद्राची लेक. सोने सूर्याचा घाम आणि चांदी चंद्राचे अश्रू, हे वाक्य तर पर्यटनाच्या पत्रकांनी इतके झिजवले आहे की त्याला आता कसच उरलेला नाही. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण त्यावर थांबले तर आपण धातूकडे पाहतच नाही. धातू कसा घडवला हे पाहिले की प्रतीक काय होते ते जास्त नेमके कळते.

अँडीज पर्वतातला सोनार मुख्यतः पत्र्याचा कारागीर होता. ओतकामही त्याला येत होते, पण त्याचा ओढा ठोकण्याकडे. तितिकाका सरोवराजवळच्या हिस्काइरुमोको इथे सापडलेले सोन्याचे ठोकीव मणी सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे इंकांचा उदय होण्याच्या तीन हजारांहून अधिक वर्षे आधीचे. लोखंड नाही, दांड्याचा हातोडा नाही, भाता नाही. घट्ट दगड मुठीत धरून दगडी ऐरणीवर धातू ठोकायचा. भट्टीला वारा द्यायचा तो माणसांनी: बखरकार गार्सिलासो दे ला व्हेगा लिहितो की आठ-दहा-बारा जण तांब्याच्या फुंकण्या घेऊन भट्टीभोवती फिरत फुंकत राहत. इंकांनी ही विद्या शोधली नाही, ती त्यांनी जिंकून घेतली. १४७० च्या सुमारास उत्तर किनाऱ्यावरचे चिमू राज्य पडले तेव्हा तिथले सोनार इंकांच्या राजधानीत, कुस्कोला, आणून वसवले गेले. ‘इंका सोनारकाम’ म्हणून जे आपण पाहतो त्यात चिमूंच्या हातांचा वाटा मोठा आहे, आणि हे प्रत्येक संग्रहालयाच्या पाटीवर लिहायला हवे असे मला वाटते.

या पत्र्यामध्ये एक गंमत आहे. हेदर लेक्टमन या अमेरिकन संशोधक बाईंनी अँडीजमधले जुने पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वरून शुद्ध सोन्या-चांदीचे दिसणारे अनेक पत्रे आतून मिश्रधातूचे निघाले: तांब्यात थोडी चांदी, किंवा तांबे, चांदी आणि सोने एकत्र. पण वरचा थर मुलामा नव्हता, बाहेरून चढवलेला नव्हता. मिश्रधातूची लगड ठोकली की ती कडक होते, म्हणून ती तापवून पुन्हा नरम करावी लागते. प्रत्येक तापवणीत पृष्ठभागावरचे तांबे जळून काळे पडते. ते आंबट द्रावणाने धुऊन काढायचे, पुन्हा ठोकायचे, पुन्हा तापवायचे. असे करत करत पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि चांदी मागे राहते. सोने वर आणायचे असेल तर पुढे क्षारांनी चांदीही खाऊन काढायची. शेवटी पत्रा झळाळतो तो त्याच्या पोटात आधीपासून असलेल्या धातूने.

युरोपातल्या सोनाराला हे वेडेपणाचे वाटले असते. वर सोने दिसायचे तर वरच लावावे, सगळ्या गोळ्यात मिसळून वाया का घालवावे? लेक्टमन यांचे उत्तर असे की अँडीजमधल्या माणसाला वस्तूचे बाहेरचे रूप तिच्या आतूनच यायला हवे होते. जी गोष्ट आत नाही ती वर दिसली तर ते सोंग. विणकामाचेही तसेच. तिथल्या उत्तम कापडावर नक्षी वरून भरलेली नसते. उभ्या-आडव्या धाग्यांच्या बांधणीतच ती असते. लेक्टमन यांची बरीच उदाहरणे इंकांच्या आधीच्या मोचे आणि चिमू काळातली आहेत, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष इंकांना लावताना हात जरा आखडता ठेवायला हवा. पण मला तो पटतो, आणि पटण्याचे कारण पुंचाओ.

पुंचाओ ही सूर्याची सोन्याची मूर्ती. कुस्को पडल्यावर इंका राजघराण्याची एक शाखा विल्काबांबाच्या जंगलात गेली, तिथे तिने आणखी काही दशके राज्य केले आणि ही मूर्तीही सोबत जपली. १५७२ मध्ये स्पॅनिश फौजेने शेवटचा इंका तुपाक आमारू याला पकडले, तेव्हा मूर्तीही हाती लागली. व्हाइसरॉय तोलेदोच्या पत्रव्यवहारात तिचे वर्णन आहे. बाहेरून ती चकाकणारी होती, पण तिच्या पोकळीत मृत इंका राजांच्या हृदयांची पूड मळून ठेवलेली होती. बाहेर सूर्य आणि आत पूर्वज. राजा सूर्याचा वंशज आहे हे सांगायला याहून सरळ रचना सुचणे कठीण. मूर्ती पुढे नाहीशी झाली.

गोष्टींची जोडी लावणे हीसुद्धा अँडीजमधल्या मंडळींची जुनी सवय. उत्तर पेरूत सिपान इथे वॉल्टर आल्वा यांनी १९८७ मध्ये उजेडात आणलेल्या मोचे राजाच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. शेंगा धातूच्या, दहा सोन्याच्या, दहा चांदीच्या, सोने उजवीकडे आणि चांदी डावीकडे. हा राजा इंकांहून हजारएक वर्षांनी जुना. इंकांनी हीच मांडणी राज्यकारभारापर्यंत नेली: कुस्को शहराचे वरचे आणि खालचे असे दोन भाग, दोन्ही भागांची वेगळी घराणी, आणि समारंभात त्यांनी समोरासमोर बसायचे.

ते बसत तेव्हा हातात काय असे? पेला. तो कधीच एकटा घडवला जात नसे. लाकडाचा असेल तर केरो, सोन्या-चांदीचा असेल तर आकिया, पण एकाच मापाचे, एकाच नक्षीचे दोन. एक स्वतःला, एक समोरच्याला. मक्याची आंबवलेली चिचा दोन्हीत भरायची, एक पुढे करायचा आणि सोबत प्यायचे. समोरच्याने तो घेतला की नाते बांधले गेले, आणि नात्याबरोबर देणेही आले: आज मी पाजले, उद्या तू राबायला ये. सम्राट आपल्या सरदारांशी असे पीत असे, सूर्याशीही पीत असे आणि मेलेल्या पूर्वजांच्या जतन केलेल्या देहांशीही. सूर्याच्या वाट्याची चिचा भांड्यात ओतली जाई. पेल्याचा एक जोड म्हणजे एक करारच होता. संग्रहालयात एकटा केरो काचेत ठेवलेला दिसतो तेव्हा अर्धा करार पाहत आहोत हे लक्षात ठेवावे.

काहामार्कातल्या भेटीबद्दल पाठ्यपुस्तकांत असे येते की धर्मगुरूने दिलेला ग्रंथ आताहुआल्पाने फेकून दिला आणि म्हणून हल्ला झाला. त्याचा पुतण्या तितू कुसी याने १५७० मध्ये विल्काबांबात आपली हकिगत सांगून लिहवून घेतली. त्यात त्या आधीचा प्रसंग आहे. आताहुआल्पाने आलेल्या स्पॅनिश माणसांना सोन्याच्या पेल्यातून चिचा दिली आणि त्यांनी ती ओतून टाकली. तितू कुसीच्या मते अपमान तिथे सुरू झाला. ग्रंथ फेकल्याची गोष्ट जगभर गेली, पेला उपडा केल्याची कुणाच्या कानावर नाही. पेल्याचा अर्थ ठाऊक असल्याशिवाय ती गोष्ट कळतही नाही.

चिचा साठवायला आणि वाहायला उर्पू होता: टोकदार बुडाचा, फुगीर अंगाचा, उंच गळ्याचा मातीचा घडा. बाजूंना दोन कान, पुढच्या अंगाला जनावराच्या तोंडासारखी खुंटी. दोर कानांतून ओवून खुंटीवरून घ्यायचा आणि घडा पाठीवर टाकायचा. एक्वाडोरपासून चिली-अर्जेंटिनापर्यंत जिथे इंकांचा अंमल गेला तिथे याच घाटाचे घडे सापडतात. राज्याच्या कामावर राबणाऱ्यांना राज्य पाजणार, हा शब्द या घड्याने पाळला जाई. दूरच्या खेड्यातल्या माणसाने सम्राट कधी पाहिला नसेल, घडा मात्र पाहिलेला असे.

आता तुपू. मला या पुस्तकातली सर्वांत आवडती वस्तू हीच. इंका बाईचे वस्त्र शिवलेले नसे. अंगाभोवती गुंडाळलेले कापड दोन्ही खांद्यांवर दोन लांब टाचण्यांनी अडकवायचे आणि वरची शाल छातीवर आणखी एकीने. टाचणीचे डोके मोठे, चपटे, बहुधा अर्धचंद्राकार किंवा गोल. त्याला एक भोक, त्यातून दोरा. राजघराण्यात ती सोन्याची किंवा चांदीची, इतरांकडे तांब्याची किंवा काशाची. सतराव्या शतकातला जेझुइट लेखक बेर्नाबे कोबो याने एक बारीक गोष्ट टिपली आहे: या डोक्याची कड इतकी धारदार असे की बायका तिने वस्तू कापत. म्हणजे दागिना, बटण आणि सुरी तिन्ही एकाच पत्र्यात. डोके उन्हात चमके आणि कोण कुठल्या घरची हे लांबून सांगे; कड स्वयंपाकघरात उपयोगी पडे. शोभेची वस्तू आणि कामाची वस्तू असे दोन कप्पे आपण करतो. तुपू ते कप्पे मानत नाही. स्पॅनिश विजयानंतर तिच्या डोक्यावर फुले, पक्षी आणि ख्रिस्ती चिन्हे आली, कुठे तिचा चमचा झाला, पण ती टिकली. अँडीजमधल्या बायका अजूनही सणासुदीला ती शालीत खोचतात.

पुरुषांचा दागिना कानात. सरदारांच्या मुलांचे कान दीक्षेच्या समारंभात टोचले जात आणि पुढे भोक वाढवत नेऊन त्यात जाड चकत्या बसवत. लोंबत्या पाळीवरून माणसाचा दर्जा कळे. दाढी उपटायचे काशाचे चिमटेही पुरुष गळ्यात बांधून हिंडत.

काशाबद्दल थोडे. इंकांनी तांबे आणि कथील यांचे कांसे साम्राज्यभर नेले. उत्तरेत आधी सोमल मिसळलेले तांबे चाले. इंकांच्या काळात बोलिव्हियाकडचे कथील सगळीकडे पोचले, आणि धातूचे हे एक माप राज्याच्या एकीचीही खूण ठरले. तरी कारागीर मापात बसणारा नव्हता. हायरम बिंगहॅमच्या मोहिमेला माचू पिच्चूत सापडलेल्या एका काशाच्या सुरीच्या मुठीवर लामाचे डोके आहे. १९८४ मध्ये तिची तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा त्या मुठीत १८ टक्के बिस्मथ निघाले; असे कांसे आधी कुठेच नोंदलेले नव्हते. त्याच ठिकाणच्या दुसऱ्या सुरीवर पालथा पडून दोरीने मासा ओढणारा मुलगा आहे. यात कुठले गूढ प्रतीक शोधायचे? माझ्या मते कुठलेच नाही. कारागिराला ते दृश्य आवडले असावे. प्रतीकांवर लिहिणाऱ्याने एवढी मोकळीक वस्तूंना ठेवावी.

सोन्याच्या बागेविषयी मात्र गांभीर्याने लिहिले आहे. कुस्कोच्या कोरिकांचा या सूर्यमंदिरात सोन्याचा मका, सोन्याची ढेकळे, सोन्याचे लामा होते, असे स्पॅनिश बखरकार सांगतात. गार्सिलासोचे वर्णन सर्वांत भरजरी आहे, पण तो जन्मला १५३९ मध्ये, मंदिर लुटले गेल्यावर सहा वर्षांनी, आणि त्याचे पुस्तक आले १६०९ मध्ये. त्याच्या आधीचा सिएसा दे लेओन जास्त मोलाची गोष्ट सांगतो: हा मका वर्षातून तीनदा ‘लावला’ जाई, पेरणीला, कापणीला आणि मुलांच्या कान टोचण्याच्या वेळी. म्हणजे बाग पाहायची नव्हती, करायची होती. खऱ्या शेताआधी सूर्याच्या अंगणात पेरणी. बर्लिनच्या संग्रहालयात चांदीचे एक मक्याचे ताट आहे, कणीस पानांतून डोकावणारे. बखरकार सगळेच कल्पनेतून लिहीत नव्हते याची ती साक्ष.

देवाला दिल्या तरी वस्तू कामातून सुटत नसत. अर्जेंटिना-चिली सीमेवरच्या युयाइयाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६७३९ मीटर उंचीवर, योहान राइनहार्ड आणि कॉन्स्टान्झा सेरुती यांना १९९९ मध्ये बळी दिलेली तीन मुले सापडली. त्यांच्यासोबत वीतभरही नसलेल्या मूर्ती होत्या, काही सोन्याच्या, काही चांदीच्या, काही एक्वाडोरकडच्या उबदार समुद्रातल्या तांबड्या स्पॉन्डिलस शिंपल्याच्या. बायकांच्या मूर्तींना खरी विणलेली वस्त्रे, त्यांवर सुईएवढ्या तुपू. त्या वस्तूंचे सौंदर्य पाहताना त्या मुलांना विसरू नये म्हणून त्यांच्यावरच्या प्रकरणात मी विशेषणे टाळली आहेत. तितिकाका सरोवराच्या तळातून निघालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दगडी पेटीत शिंपल्याचा एक लामा आणि गुंडाळलेला सोन्याचा पत्रा होता. डोंगराच्या टोकावर आणि पाण्याच्या तळाशी तोच शिंपला, तेच सोने, तोच लहानसा लामा.

शेवटी बाजाराबद्दल एक इशारा. कुस्कोत आज ‘इंका सूर्य’ म्हणून जो चेहरा झेंड्यांवर, थाळ्यांवर, टी-शर्टांवर दिसतो आणि जो १९८६ मध्ये नगरपालिकेने शहराचे चिन्ह म्हणून स्वीकारला, तो एचेनिके नावाच्या एका जुन्या तबकडीवरून घेतला आहे. मूळ तबकडी २०२१ मध्ये अमेरिकेतून पेरूला परत मिळाली. पुरातत्त्वज्ञ जॉन रो यांनी शैलीवरून तिचा काळ इंकांच्या कितीतरी शतके आधीचा ठरवला आहे. पेरूची ओळख बनलेली सोन्याची तुमी, अर्धगोल पात्याची सुरी, तीही इंकांची नाही, उत्तर किनाऱ्यावरच्या सिकान संस्कृतीची. आणि १९८१ मध्ये लिमाच्या संग्रहालयातून ती चोरीला जाऊन वितळवली गेली. गिधाड, प्यूमा आणि साप म्हणजे तीन लोक, हा हिशेबही मार्गदर्शक जितक्या ठामपणे सांगतात तितका जुन्या साधनांत सापडत नाही. ‘वरचे जग’ आणि ‘आतले जग’ या शब्दांवर स्वर्ग-नरकाचे कलम मिशनऱ्यांनी बांधले. कुस्कोतल्या लोकांनी या चिन्हांत आज आपली ओळख शोधावी, यात वावगे काही नाही. पंधराव्या शतकाचा पुरावा म्हणून ती पुढे केली, तर मात्र चूक.

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय अगदीच परका वाटू नये म्हणून एक दुवा नोंदवतो. १५४५ मध्ये अँडीजमधल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी लागली आणि सुरुवातीची कित्येक वर्षे ती गाळली तिथल्याच लोकांनी, वाऱ्याच्या झोतावर पेटणाऱ्या आपल्या जुन्या मातीच्या भट्ट्यांत. पुढे अमेरिकेतल्या स्पॅनिश चांदीचे रियाल समुद्र ओलांडून सुरतेला उतरले आणि मोगल टांकसाळीत त्यांचे रुपये झाले.

या पुस्तकात इंकांच्या केचुआ भाषेतले शब्द मराठी कानाला जवळ पडतील असे लिहिले आहेत. प्रकरणांचा क्रम काळानुसार नाही. रोजच्या वस्तू आधी येतात, मंदिर आणि राजवाडा नंतर. ज्यांना सोन्याची घाई आहे त्यांनी कोरिकांचाचे प्रकरण आधी वाचायला हरकत नाही, फक्त त्याआधी पत्रा कसा घडतो ती पाने जरूर वाचावीत, आणि चित्रे पाहताना प्रत्येकाखाली दिलेले माप पाहावे. यांतल्या बऱ्याच वस्तू तळहातावर मावतात.